शिष्याच्या हातचा गुरूचा चेहरा

हेग शहरातील मॉरित्सहाउस या संग्रहालयात एका तरुणाचे लहानसे तैलचित्र आहे. उंची सुमारे ३८ सेंटिमीटर, रुंदी २९. ओक लाकडाच्या फळीवर रंगवलेले. गळ्याभोवती चिलखताचा लोखंडी गळपट्टा, त्यावर पांढरी कॉलर, कपाळावर आलेले केस, आणि डावीकडून येणारा एकच उजेड. त्या उजेडाने अर्धा चेहरा उजळला आहे, उरलेला अर्धा सावलीत आहे. लोखंडावर एक चमक आहे. बाकी सारे तपकिरी आणि करडे. तरुण थेट आपल्याकडे पाहतो. ओठ किंचित विलग आहेत, आणि नजरेत तारुण्यातला तो आत्मविश्वास आहे ज्याला जगाने अजून हात लावलेला नाही.

आम्ही हे चित्र प्रथम पाहिले ते एका छापील पुस्तकात. खाली नाव होते रेम्ब्रांटचे, आणि पुढे ‘आत्मचित्र, सुमारे १६२९’. म्हणजे चित्रातला तरुण तेवीस वर्षांचा, लायडेन गावच्या गिरणीवाल्याचा मुलगा, अजून ॲमस्टरडॅमला स्थायिक न झालेला. ते पान आम्ही अनेकदा उघडले. पुढे ज्याच्यावर दिवाळखोरी, पत्नीचा आणि मुलाचा मृत्यू अशी संकटे येणार होती, त्याचा हा पहिला निःशंक चेहरा, असे आम्ही स्वतःला सांगत असू. हे चित्र पाहून असेच काही लिहिणारे जाणकारही कमी नव्हते.

आता त्या चित्राची नोंद वेगळी आहे. ते रेम्ब्रांटचे नाही. रेम्ब्रांटच्या कार्यशाळेतील कोणा शिष्याने गुरूच्या चित्रावरून केलेली ती प्रत आहे. मूळ चित्र जर्मनीत, न्युरेम्बर्गच्या संग्रहालयात आहे, आणि दीर्घकाळ त्यालाच नक्कल समजले जात होते.

आम्ही चित्रकार नाही. साहित्य शिकण्या-शिकवण्यात ज्यांचे दिवस गेले अशांपैकी आहोत. पण मूळ संहिता आणि प्रत, लेखक आणि लेखनिक, ‘मी’ आणि त्या ‘मी’चा उच्चार करणारा दुसराच कोणी, हे प्रश्न आमच्याही अंगणातले आहेत. म्हणून या एका प्रतीचा इतिहास जरा सविस्तर पाहावासा वाटतो. जुन्या गुरूचे, नाट्यमय प्रकाशातले व्यक्तिचित्र तेलरंगात पुन्हा रंगवणे म्हणजे नेमके काय करणे, हे या इतिहासातून जसे कळते तसे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

हा एका बाजूचा उजेड आला कोठून, हे आधी पाहू. सोळावे शतक संपताना रोममध्ये काराव्हाज्जोने सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमधील कोंतारेल्ली प्रार्थनागृहासाठी संत मॅथ्यूची चित्रे रंगवली. त्यांतील पहिली दोन १५९९-१६०० मधली. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा प्रकाश शिरतो आणि त्या प्रकाशाच्या मार्गात जे येते तेवढेच अस्तित्वात येते. काराव्हाज्जो १६१० मध्ये मरण पावला, पण तोवर युरोपभरचे तरुण चित्रकार रोमला जाऊन हा प्रकाश शिकू लागले होते. हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरातून तेर ब्रुखेन, बाबुरेन आणि होन्टहोर्स्ट हे तिघे गेले आणि तो उजेड घेऊन परतले. मेणबत्तीच्या प्रकाशातली दृश्ये होन्टहोर्स्टने इतकी रंगवली, की इटलीत त्याला ‘रात्रींचा गेरार्दो’ असे नाव पडले.

रेम्ब्रांट मात्र इटलीला कधीच गेला नाही. लायडेनमध्ये स्वानेनबुर्खकडे सुमारे तीन वर्षे आणि ॲमस्टरडॅममध्ये पीटर लास्तमानकडे सुमारे सहा महिने, एवढेच त्याचे शिक्षण. १६२९ च्या सुमारास राजपुत्राचा चिटणीस आणि कवी कॉन्स्टंटाइन हायगेन्स याची दृष्टी रेम्ब्रांट आणि त्याचा मित्र यान लीव्हन्स यांच्यावर गेली. आपल्या लॅटिन आत्मवृत्तात हायगेन्सने या दोन तरुणांची तोंडभरून स्तुती केली आहे. एकच तक्रार केली आहे, की हे दोघे इटलीला जाऊन राफाएल आणि मायकेलअँजेलो पाहत नाहीत. त्यावर दोघांचे उत्तर असे, की आमच्या बहराच्या वयात प्रवासाला वेळ नाही, आणि उत्तम इटालियन चित्रे आता हॉलंडमध्येच पाहायला मिळतात.

थोडक्यात, रेम्ब्रांटचा उजेडही दुसऱ्याकडून, आणि तोही तिसऱ्यामार्फत आलेला. पण त्याने त्याचे जे केले ते त्याचे स्वतःचे होते. काराव्हाज्जोचा प्रकाश धारदार असतो. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. रेम्ब्रांटची सावली मऊ आहे. सुमारे १६२८ च्या, ॲमस्टरडॅमच्या रिक्स म्युझियममधील तळहाताएवढ्या आत्मचित्रात त्याने एक धाडस केले. प्रकाश मागून, गालाच्या कडेवर आणि मानेवर पाडला आणि डोळे सावलीत ठेवले. व्यक्तिचित्रात डोळे हीच मुख्य वस्तू असा संकेत असताना त्याने पाहणाऱ्याला ते शोधायला लावले. केसांच्या बटांसाठी ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याचे टोक ओढून रेषा खरवडल्या. या चित्राचीही कथा आपल्या विषयाला धरूनच आहे. कासेल येथील त्याची एक प्रत बराच काळ मूळ मानली जाई. रिक्स म्युझियमने १९६० मध्ये घेतलेले चित्र उजेडात आल्यावर तिचे स्थान बदलले.

असे चित्र प्रत्यक्षात कसे बने? ओकच्या फळीवर आधी खडू आणि सरस यांचा लेप, तो घासून गुळगुळीत केलेला. त्यावर तेलात कालवलेल्या पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ हात. ही जमीन महत्त्वाची. कारण पुढे सावल्यांमधून तीच डोकावणार असते. मग तपकिरी रंगात ब्रशनेच चित्राचा आराखडा, उजेड कोठे आणि अंधार कोठे याची वाटणी. या टप्प्याला डच चित्रकार ‘मृत रंग’ म्हणत. त्यावर खरे रंग चढवले की चित्र जिवंत होई. रंग मोजकेच: शिशापासून केलेला सफेदा, जाळलेल्या हाडांचा काळा, पिवडी, गेरू, अंबर, थोडा हिंगूळ, लाल रंगद्रव्ये, आणि शिसे व कथील यांच्यापासून केलेला एक पिवळा. हा शेवटचा रंग अठराव्या शतकात विस्मरणात गेला आणि १९४१ मध्ये जुन्या चित्रांच्या रासायनिक तपासणीत पुन्हा सापडला. रंग कालवायला मुख्यतः जवसाचे तेल.

या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येते: उजेड जाड आणि सावली पातळ. जेथे प्रकाश पडतो त्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कॉलरवर सफेद्याचा दाट, खरखरीत थर. त्या थराच्या उंचवट्यांवर खोलीतला खरा उजेडही अडतो, त्यामुळे चित्रातला प्रकाश आणि चित्रावरचा प्रकाश एकमेकांत मिसळतात. सावलीत मात्र रंग इतका विरळ, की खालची जमीन श्वास घेत राहते. म्हणून रेम्ब्रांटची सावली काळी दिसत नाही, खोल दिसते. रेम्ब्रांट चित्रातल्या दूरच्या गोष्टी आधी रंगवी आणि जवळच्या नंतर, असेही अभ्यासकांना दिसून आले आहे. आधी पार्श्वभूमी, मग आकृती. आकृतीची कड त्या पार्श्वभूमीत किती विरघळू द्यायची याचा निर्णय तो हातात ब्रश असतानाच घेई.

आता शिष्याकडे वळू. गेरिट डाउ १६२८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी रेम्ब्रांटकडे शिकायला आला. गुरू स्वतः तेव्हा बाविशीच्या आतला. पुढच्या वर्षी इसाक जूडरव्हिल आला. हा मुलगा पोरका असल्याने त्याच्या पालनकर्त्यांनी खर्चाचे कागद जपून ठेवले, आणि त्यामुळे रेम्ब्रांटने दिलेल्या शिकवणीच्या पावत्या आज उपलब्ध आहेत. वर्षाला १०० गिल्डर असा दर होता. ही रक्कम बरीच मोठी. त्या बदल्यात शिष्याने काय करायचे? रंग घोटायचे, फळ्या तयार करायच्या, आणि गुरूच्या चित्रांवरून चित्रे करायची. चित्रकारांच्या संघाच्या रीतीनुसार शिष्याने केलेले काम गुरूच्या मालकीचे असे आणि ते विकण्याचा अधिकारही गुरूचाच असे. नक्कल करणे यात लाज नव्हती. तोच अभ्यासक्रम होता, आणि व्यापारही.

याचा एक विलक्षण पुरावा बर्लिनमधल्या एका रेखाटनावर आहे. ‘सुझाना’ या विषयावरचे हे रेखाटन रेम्ब्रांटने १६३६ च्या सुमारास, आपला जुना गुरू लास्तमान याच्या चित्रावरून केले. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्याच्या हातची टाचणे आहेत: एका शिष्याचा झेंडेकरी विकला, १५ गिल्डर, एक फ्लोरा विकली, ६, लेन्डर्टची फ्लोरा, ५. झेंडेकरी आणि फ्लोरा हे रेम्ब्रांटचे स्वतःचे विषय. शिष्यांनी त्यांवरून चित्रे केली होती. कागदाच्या एका बाजूला रेम्ब्रांट आपल्या गुरूची नक्कल करतो आहे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या शिष्यांनी केलेल्या नकलांचा हिशेब मांडतो आहे. परंपरा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर हा एक कागद दोन्ही बाजूंनी दाखवावा.

अशाच कोणा मुलापुढे १६२९ च्या सुमारास गुरूचा चेहरा ठेवला गेला. त्याने काय केले ते आपल्याला कळले, कारण यंत्रांनी रंगाखाली पाहिले. अवरक्त किरण तैलरंगाच्या थरांतून आरपार जातात. खाली कोळशाची अथवा शिशाच्या लेखणीची रेघ असेल तर ती त्यांना अडवते आणि पडद्यावर काळी उमटते. हेगच्या चित्राखाली अशा रेषा सापडल्या. चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या कडा आधी काळजीपूर्वक आखून घेतल्या होत्या, आणि रंग त्या आखणीच्या आत इमानाने भरला होता. रेम्ब्रांट असे करीत नसे. त्याचा आराखडा ब्रशचा, ढोबळ, काम चालू असताना बदलणारा. न्युरेम्बर्गच्या चित्राखाली अशी आखणी नाही.

न्युरेम्बर्गचे चित्र हेच मूळ असावे, असे मत जर्मन कला-इतिहासकार क्लाउस ग्रिम याने १९९१ मध्ये मांडले होते. १९९८ मध्ये मॉरित्सहाउसने आपले चित्र तपासले, आणि पुढच्या वर्षी लंडन व हेग येथे भरलेल्या रेम्ब्रांटच्या आत्मचित्रांच्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हा निष्कर्ष सर्वांसमोर आला. १९६८ पासून रेम्ब्रांटच्या चित्रांची छाननी करणाऱ्या डच अभ्यासकांच्या प्रकल्पाने १९८२ च्या आपल्या पहिल्या खंडात हेगचे चित्र मूळ आणि न्युरेम्बर्गचे प्रत असे नोंदवले होते. २००५ च्या चौथ्या खंडात त्यांनीच ती नोंद उलटी केली. एका विद्वत्मंडळाने आपल्याच खंडातील चूक दुसऱ्या खंडात छापून दुरुस्त करावी, ही गोष्ट आपल्याकडच्या संशोधनाच्या वर्तुळात अधिक वेळा घडायला हवी, एवढेच म्हणून पुढे जातो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी एक जुनी ओळख पटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून पाठ ठरवले. त्या शास्त्रातले एक सूत्र असे, की दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल तर बहुधा अवघड पाठ जुना. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. तो व्याकरण नीट करतो, वृत्त सावरतो, अर्थ उलगडून ठेवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. आणि त्या चांगल्या हेतूनेच तो पकडला जातो.

हेग आणि न्युरेम्बर्ग येथील चित्रे शेजारी ठेवून पाहिली, निदान छायाचित्रांत, की हेच सूत्र डोळ्यांपुढे उभे राहते. न्युरेम्बर्गचा ब्रश मोकळा आहे. गाल आणि केस यांची सीमा कोठे संपते हे सांगता येत नाही. हेगचा चेहरा नितळ आहे, कडा नेमक्या आहेत, उजेडाकडून सावलीकडे जाणारी उतरण घासूनपुसून गुळगुळीत केलेली आहे. शिष्याने अवघड पाठाचा सोपा पाठ केला. गुरूने जे अनिर्णित ठेवले होते त्याचा त्याने निर्णय लावून टाकला. हा नेमकेपणा गुण म्हणून नजरेत भरावा आणि त्यामुळे हेगचे चित्र मूळ वाटावे, हे स्वाभाविकच होते. आम्हांलाही तेच चित्र अधिक आवडले होते, ही कबुली येथे देणे भाग आहे.

येथे प्रत करण्याच्या क्रियेतला मूळ पेच लक्षात येतो. मूळ चित्रकाराला शेवट माहीत नसतो. पार्श्वभूमी रंगवताना आकृती कशी बसेल हे त्याला पुरते ठाऊक नसते. सावली किती गडद होईल हे ती गडद होताना कळते. प्रत करणारा मात्र शेवटापासून सुरुवात करतो. त्याच्यापुढे उत्तर मांडलेले असते आणि त्याला केवळ ते उत्तर पुन्हा लिहायचे असते. गणिताच्या पुस्तकामागचे उत्तर पाहून वरच्या पायऱ्या भरणाऱ्या मुलासारखी त्याची स्थिती होते. उत्तर बरोबर येते. वाट दिसत नाही. म्हणूनच जुन्या गुरूवरून चित्र करणाऱ्या कोणालाही, आजच्याही, खरा अभ्यास करायचा असेल तर पृष्ठभागाची नक्कल पुरत नाही. जमीन, मृत रंग, मागून पुढे येण्याचा क्रम, पातळ सावली, जाड उजेड या साऱ्या पायऱ्यांची नक्कल करावी लागते. आणि एवढे करूनही गुरूच्या मनातली ती शंका, जिच्यामुळे त्याचा हात क्षणभर थांबला असेल, तिची नक्कल करता येत नाही.

तरी आमच्या मनातला खरा प्रश्न याहून वेगळा आहे. हे चित्र ‘आत्मचित्र’ आहे. सफरचंदाची अथवा संताची प्रत झाली तर फारसे बिघडत नाही. पण दुसऱ्याच्या हातचे ‘आत्म’चित्र म्हणजे काय? आम्ही ज्या नजरेत तरुण रेम्ब्रांटचा आत्मविश्वास वाचला, ती नजर त्याला आरशात दिसलेली नव्हती. ती गुरूकडे पाहणाऱ्या एका पोरसवदा शिष्याला दिसलेली होती. त्या निःशंकतेत त्या मुलाचा आदर मिसळलेला असेल. कदाचित त्या चेहऱ्यावरचा डौल हा रेम्ब्रांटचा स्वतःविषयीचा नसून, आपला गुरू असाच आहे या शिष्याच्या विश्वासाचा असेल. आम्ही कबुलीजबाब म्हणून जे वाचले ते चरित्र होते. कदाचित स्तोत्रच होते.

रेम्ब्रांटच्या काळात ‘आत्मचित्र’ असा शब्द रूढ नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे. लोक म्हणत, ‘रेम्ब्रांटची प्रतिमा, त्याने स्वतः केलेली’. प्रसिद्ध चित्रकाराचा चेहरा आणि त्याची शैली या दोन्ही गोष्टी एकाच फळीवर मिळाव्यात, म्हणून संग्राहक अशी चित्रे घेत, असे या विषयाचे मोठे अभ्यासक अर्न्स्ट व्हान द वेटरिंग यांनी दाखवून दिले. अंतरंगाचा शोध, एकांतातले आत्मपरीक्षण हे अर्थ पुढच्या काळाने त्यांत भरले. आपल्याला कवितेतला ‘मी’ थेट कवीच वाटतो, तो याच पुढच्या काळाचा संस्कार आहे.

मराठी वाचकाला हा गुंता नवा नसावा. संतकाव्यात नाममुद्रा असते, पण एकाच मुद्रेमागे एकच माणूस असतो असे नाही. नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांत पुढच्या शतकांतील विष्णुदास नामा आणि इतर नाम्यांचे अभंग मिसळलेले आहेत, आणि ते वेगळे करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. ज्यांनी ते अभंग रचले त्यांना लबाड म्हणण्याचे आपल्या जिभेवर येत नाही. गुरूच्या नावाने बोलणे हा त्यांच्या दृष्टीने भक्तीचा मार्ग असावा. हेगच्या चित्राच्या कर्त्याकडेही असेच पाहावे असे आम्हांला वाटते. त्याने ठकवले नाही. त्याने गुरूचा ‘मी’ पाठ केला. ठकलो असू तर आपण ठकलो, कारण आपल्याला नावाशिवाय चित्र पाहण्याची सवय नव्हती.

नाव गेले की काय होते याचे उदाहरण बर्लिनमध्ये आहे. ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’ हे तेथील चित्र एकेकाळी रेम्ब्रांटच्या सर्वांत लोकप्रिय चित्रांपैकी एक होते. अंधारातून उजळलेले ते शिरस्त्राण आणि त्याखालचा थकलेला, सावलीतला चेहरा किती घरांतल्या भिंतींवर लागला असेल. १९८०च्या दशकात ते रेम्ब्रांटचे नाही असे ठरले. चित्र होते तेच राहिले; सोनेरी रंगाचा एक ठिपकाही हलला नाही. पण त्याच्यासमोरची गर्दी ओसरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील यादीत रेम्ब्रांटची सहाशेहून अधिक चित्रे धरली जात; छाननीनंतर ती संख्या निम्म्याच्या आसपास आली. २०१४ च्या शेवटच्या खंडात व्हान द वेटरिंग यांनी आधी वगळलेली सुमारे ७० चित्रे पुन्हा आत घेतली आणि आकडा सुमारे ३४० वर गेला. म्हणजे हा न्याय अखेरचा नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

रेम्ब्रांट स्वतः मात्र नक्कल करणे कधी विसरला नाही. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच सुमारास, पन्नाशीच्या आगेमागे, त्याने भारतातून हॉलंडमध्ये पोचलेल्या मुघल लघुचित्रांवरून आशियाई कागदावर रेखाटने केली. त्यांपैकी २३ आज उपलब्ध आहेत. जहांगीर, शाहजहान, दरबारी, घोडेस्वार. जगाला छायाप्रकाश शिकवणारा हा माणूस अशा चित्रांपुढे बसला होता, ज्यांत एका बाजूचा उजेड नाही आणि जमिनीवर पडलेली सावली नाही. त्याने आपला नेहमीचा दांडगा ब्रश बाजूला ठेवला आणि बारीक, सावध रेघ ओढली. तरी काही ठिकाणी त्याचा हात त्याला न जुमानता हलकी छाया घालून गेला. त्याच्या आधी अर्धशतक, १६०० मध्ये, मुघल दरबारातील तेरा वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या मुद्राचित्रातील संत जॉनची प्रत केली होती. समुद्राच्या दोन्ही तीरांवर कोणी ना कोणी दुसऱ्याच्या उजेडात बसून शिकत होते.

तो उजेड पुढे आपल्या दाराशीही आला. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत युरोपीय पद्धतीचे तैलरंगातले व्यक्तिचित्रण शिकवले जाऊ लागले. गोव्यात सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्रांमुळे त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटले गेले. त्यांची अनेक चित्रे आज पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत. हे बिरुद गौरवाचे होते, पण त्यात एक अन्यायही आहे. रेम्ब्रांटने काराव्हाज्जोचा प्रकाश घेतला तरी त्याला कोणी ‘उत्तरेचा काराव्हाज्जो’ म्हणून संपवले नाही. आपल्या चित्रकाराने मात्र तीच गोष्ट केली तेव्हा त्याच्या नावावर दुसऱ्याचे नाव चढले. कोणाची नक्कल परंपरा ठरावी आणि कोणाची परंपरा नक्कल ठरावी, याचा निर्णय नेहमी रंगावरून होत नाही.

आम्ही ते जुने पुस्तक पुन्हा उघडले. पान तेच, चेहरा तोच, खाली छापलेले नाव तेच. पेन्सिलीने ते नाव खोडावे असे एकदा वाटले, पण खोडले नाही. कारण नाव खोडल्यावर तेथे लिहायला आमच्यापाशी दुसरे नाव नाही. त्या मुलाने आपले नाव मागे ठेवले नाही. फक्त गुरूच्या गालावर डावीकडून पडलेला उजेड त्याला कसा दिसला एवढेच ठेवले. साहित्याच्या वर्गात आम्ही नेहमी सांगतो, की संहिता वाचा, लेखक नंतर. हे सांगणे सोपे आहे. या अनाम प्रतीपुढे उभे राहून, नाव नसतानाही तिच्याकडे पूर्वीइतकाच वेळ पाहता येतो का, ही त्या शिकवणीची परीक्षा आहे. आम्ही ती देऊन पाहिली. पहिल्यापेक्षा जरा कमी वेळ पाहिले, हे खरे. पण पहिल्यांदाच, सावलीत असलेला अर्धा चेहरा नीट पाहिला.